डावी बाजू

घरात त्या मागच्या खोलीला वहिनीची खोली म्हणत, पण खरं तर ती दोघांची होती. एक वहिनी, जी आठवडाभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, आणि दुसरा तिचा धाकटा दीर, जो लिफ्ट दुरुस्त करायचा. दीर लहानपणापासून कुठल्या ना कुठल्या तारेत गुंतलेला असायचा, म्हणून घरचे त्याला वायर्‍या म्हणत. ती मात्र त्याला भाऊजीच म्हणायची आणि अहोजाहो करायची, अगदी भांडतानासुद्धा. भांडणं बरीच व्हायची, कारण दोघं मिळून संगीत करायचे.

टेबलाच्या मधोमध तिचा ग्रूव्हबॉक्स असायचा. जाडजूड पुस्तकाएवढी काळी पेटी, खाली बटणांची रांग. कॉम्प्युटर लागत नाही, काही नाही. ठोके, बास, सूर सगळं तिच्यात भरायचं, कशावर काय वाजायचं ते बटणं दाबून ठरवून द्यायचं, की ती आपली आपण वाजवत राहते. शिवाय शेजारच्या यंत्रांना तालही तीच पुरवते. एक ड्रम मशीन आणि भाऊजींचे दोन सिंथ, म्हणजे विजेवर सूर काढणारे कीबोर्ड, एकेका वायरीने तिला जोडलेले होते. पेटी म्हणेल तेव्हा सगळ्यांनी सुरू व्हायचं, पेटी म्हणेल तेव्हा गप्प बसायचं. सासूबाईंनी पहिल्यांदा 'पेटी' हा शब्द ऐकून खोलीत डोकावलं होतं आणि "हिचा भाता कुठाय?" असं विचारलं होतं.

त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. शहरातल्या तारांगणात त्यांचा कार्यक्रम ठरला होता. घुमटाखाली लोक मान वर करून बसणार, भोवताली स्पीकर, आणि आवाज डोक्यावरून गोल फिरवायचा. आजवर लहानशा हॉलमध्ये, ओळखीच्यांसमोर वाजवणाऱ्या दोघांना एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. सकाळचा चहा घेऊन ती टेबलाशी बसली, हेडफोन चढवले आणि पेटी सुरू केली.

आवाज फक्त उजवीकडून येत होता.

तिने 'च्' केलं. डावीकडची वायर भाऊजींनी परवाच जोडून दिली होती. तिने ती काढून दुसरी लावली. फरक नाही. सगळे आवाज जिथे एकत्र येतात त्या मिक्सरवर आवाज डावी-उजवीकडे सरकवायची बटणं पाहिली, सगळी मधोमध होती. मिक्सर बंद करून पुन्हा सुरू केला. मग वैतागून हेडफोन थेट पेटीलाच लावले. तरी डावी बाजू गप्प.

तिने भाऊजींना फोनवर झापलं. "तुम्ही लावलेली वायर गेली. आणि आता पेटीचा पण एक कान गेलाय."

"पेटीचा कसा जाईल? पेटीला मी हातसुद्धा लावलेला नाही," असं म्हणून तो थोड्याच वेळात आला. वरच्याच मजल्यावर राहायचा. मीटर, पक्कड, चिकटपट्टी असं सगळं घेऊन आला, तिच्या डोक्यावरचे हेडफोन काढून स्वतःच्या डोक्यावर चढवले, डोळे मिटले आणि मान डोलवायला लागला.

"वहिनी, दोन्हीकडून वाजतंय की."

"असं कसं?"

"अगं, छान वाजतंय. हा बास बदललास का तू? मस्त झालाय."

तिने हेडफोन परत घेतले. उजवीकडे ठोके, बास, सगळं ठणठणीत. डावीकडे काही नाही. आवाज कमी असावा तसं नाही, खोलीला त्या बाजूची भिंतच नसावी तसं. तिला अजूनही वाटत होतं की हेडफोनमध्येच काहीतरी बिघाड आहे, सैल वायर, हललं की लागते आणि हललं की सुटते. म्हणून तिने ते उलटे घातले. डावा भाग उजव्या कानावर, उजवा भाग डाव्या कानावर.

उजव्या कानात संगीत आलं. जो भाग इतका वेळ मुका होता, तो आता खणखणीत वाजत होता. आणि जो वाजत होता, तो डाव्या कानावर जाऊन मुका झाला होता.

तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"लागलं का?" भाऊजींनी विचारलं.

"लागलं," ती म्हणाली. "काहीतरी सैल असेल. जा तुम्ही, तुमचं काम असेल."

"नक्की?"

"हो म्हटलं ना."

तो गेल्यावर तिने दार लावून घेतलं. उजव्या कानात बोट घालून डाव्या कानापाशी चुटकी वाजवली. काही नाही. केस घासून पाहिले, नखाने कानाची पाळी खरवडली. कातडीला नख कळत होतं, पण आवाज नव्हता. अगदी आत, खोलवर, गॅस गळत असावा तशी एक बारीक सूं मात्र ऐकू येत होती, आणि ती बाहेरून येत नव्हती हे तिला कळत होतं. सर्दी असेल, मळ असेल, रात्री कुशीवर झोपल्यामुळे दडा बसला असेल, असं तिने मनाला समजावलं. जांभई दिली, नाक दाबून फुंकर मारली.

तेवढ्यात फोन वाजला. नवऱ्याचा होता. तो पुलाच्या कामावर लांब गेला होता आणि या वेळेला चहाच्या सुट्टीत फोन करायचा. तिने सवयीप्रमाणे फोन डाव्या कानाला लावला आणि "बोला" म्हणाली. पलीकडून काहीच नाही. फोन कट झाला असं वाटून तिने पडद्याकडे पाहिलं, तर सेकंद पुढे पळत होते. तिने फोन उजव्या कानाला लावला.

"अगं, ऐकू येतंय का?" नवरा केव्हापासून विचारत होता.

"येतंय," ती म्हणाली.

"आवाज असा काय येतोय तुझा? बरं नाही का?"

"झोप नाही झाली नीट."

फोन ठेवल्यावर तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. भीतीने ते सुद्धा कुठेतरी अडकून बसलं होतं.

खरी भीती वेगळीच होती, आणि ती बाहेर जेवणाच्या टेबलाशी भाजी निवडत बसली होती. सासूबाईंना गेली काही वर्षं ऐकू कमी येत होतं. दोन्ही कानांत यंत्रं होती. घरात कुणी वाईट नव्हतं, पण त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि दोनदा ओरडल्यावर माणूस तिसऱ्यांदा "काही नाही, जाऊ दे" म्हणतो. पाहुणे आले की सगळे हसायचे आणि सासूबाई अर्ध्या क्षणाने हसायच्या, इतरांची तोंडं बघून. हे तिने कितीदा तरी पाहिलं होतं. 'जाऊ दे' तिनेही म्हटलं होतं.

दुपारी जेवायला दोघीच होत्या. ती नेहमीच्या जागी बसली. सासूबाई डावीकडे. त्या काहीतरी बोलल्या असाव्यात, कारण तिने वर पाहिलं तेव्हा त्या उत्तराची वाट बघत होत्या. ती उसनं हसली आणि "हो" म्हणाली.

सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला.

"मी विचारलं, मीठ कमी पडलंय का जास्त. त्याला हो काय म्हणतेस?"

"लक्ष नव्हतं."

सासूबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग हलक्या आवाजात, जो आवाज त्या एरवी कधी काढत नसत, त्या म्हणाल्या, "कुठला कान?"

"कसला कान?"

"मघापासून मान अशी करून बसलीयेस." त्यांनी मान किंचित डावीकडे वळवून दाखवली, उजवा कान पुढे काढून. "ती मान माझी आहे. मला ओळखू नाही येणार?"

मग तिला रडू आलं. सकाळपासूनचं सगळं तिने सांगितलं, आणि मध्येच लक्षात आलं की आपण पुन्हा तशीच मान केली आहे.

"माझं हळूहळू गेलं, म्हातारपणाने," सासूबाई म्हणाल्या. "तुझं एका झोपेत गेलं. हे निराळं आहे. हात धू, आत्ताच जायचं."

"उद्या बघू. कदाचित रात्रीतून..."

"हात धू म्हणते ना."

कानाच्या दवाखान्यात गर्दी होती. सासूबाईंनी काउंटरवरच्या मुलीला एवढ्या मोठ्या आवाजात "हिला सकाळपासून एका कानाने ऐकू येत नाहीये" असं सांगितलं की बाकावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. एरवी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आज तिला फक्त बाकावरच्या लोकांचे हलणारे ओठ दिसत होते.

तपासणीची खोली म्हणजे गादीसारख्या भिंतींचं एक कपाट होतं. दार बंद झालं तेव्हा आतली सूं एकदम मोठी झाली. काचेपलीकडे तपासनीस बाई बसली होती. हातात एक बटण दिलं होतं. आवाज ऐकू आला की दाबायचं. उजव्या कानाला काही अडचण आली नाही. मग डावा सुरू झाला आणि काहीच येईना.

ती वाट बघत होती. बाईचा खांदा हलायचा, मग थोडा वेळ जायचा, मग पुन्हा हलायचा. तिचं अर्धं आयुष्य कुठल्या ठोक्याला काय वाजणार हे ओळखण्यात गेलं होतं. तिचा अंगठा आपोआप चालायला लागला. आता येणार, दाब. थोडं थांब. आता येणार, दाब. आपण फसवतोय हे तिला कळत होतं, कुणाला ते मात्र कळत नव्हतं.

दार उघडलं. तपासनीस बाई आत येऊन तिच्या उजव्या बाजूला वाकली. "तुम्ही संगीतात आहात का?"

"थोडंफार. का?"

"मी आवाज सोडत नाहीये तेव्हाही तुम्ही दाबताय. तालात दाबताय. असं करू नका. जेवढं गेलंय तेवढं मला दिसलं पाहिजे, नाहीतर औषध कसं देणार?"

पुन्हा तपासणी झाली. या वेळी तिने अंगठा उचलून धरला आणि तो बराच वेळ तसाच राहिला.

डॉक्टर कमी बोलणारे होते. कानाची नस अचानक काम करेनाशी झालीय, म्हणाले. का, ते बहुतेकदा कळत नाही. काहींचं ऐकणं पूर्ण परत येतं, काहींचं अर्धं येतं, काहींचं येत नाही. गोळ्या आजपासूनच, गरज लागली तर कानाच्या पडद्यातून इंजेक्शन. आणि आत कुठे गाठ नाही ना हे बघायला एमआरआय.

"गाठ?" तिने विचारलं.

"बहुधा नसेल. बघून ठेवलेलं बरं."

"आणि दुसरा कान?"

"सहसा दुसऱ्याला काही होत नाही."

'सहसा' हा शब्द घेऊन ती घरी आली. तो शब्द पुढे कितीतरी दिवस तिच्या उशाशी होता. सकाळी डोळे उघडायच्या आधी ती उजव्या कानाने घराचा कानोसा घ्यायची. नळ, जिना, सासूबाईंच्या चपला. ते ऐकू आलं की मगच उठायची.

भाऊजींना सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण सासूबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं. तो दारात येऊन उभा राहिला, सकाळच्या मीटरसकट.

"दोन्हीकडून वाजतंय असं मी म्हणालो," तो म्हणाला, "तेव्हा तुझं तोंड बघायला पाहिजे होतं मी. मी पेटी बघत बसलो."

"तुम्हाला काय माहीत."

"तारांगणवाल्यांना फोन केलाय. कार्यक्रम पुढे ढकलायला तयार आहेत."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

ती चिडली, आणि चिडता आलं म्हणून तिला बरं वाटलं.

एमआरआयमध्ये गाठ निघाली नाही. पण गोळ्यांनी झोप उडाली, तोंड सुजलं, चालताना जमीन एका बाजूला कलल्यासारखी वाटायची. दुकानात कुणी डावीकडून हाक मारली की ती भलतीकडेच बघायची. रस्ता ओलांडणं सगळ्यात वाईट. हॉर्न ऐकू यायचा, पण कुठून ते कळायचं नाही. दोन्ही कानांनी मिळून दिशा कळते हे तिला ठाऊक होतं. आवाज डावी-उजवीकडे फिरवणं हेच तर ती करत आली होती. पण फुटपाथच्या कडेला उभं राहिल्यावर ते ठाऊक असण्याचा काडीचा उपयोग नव्हता. एकदा तर ती अर्ध्या रस्त्यातून परत फिरली आणि लांबच्या पुलावरून गेली.

इंजेक्शनं घ्यावीच लागली. दुसऱ्या इंजेक्शननंतर एका सकाळी भांडं पडलं आणि तिला ते डावीकडून ऐकू आलं. ती जागच्या जागी थिजली. आनंदाने नव्हे. तो आवाज भांड्याचा नव्हताच. पत्र्याच्या पाइपातून कुणी खोकावं तसा होता. मग सासूबाई बोलल्या, आणि त्यांचे दोन आवाज आले. उजवीकडे त्यांचा, डावीकडे त्यांच्याच चालीत बोलणाऱ्या कुणा चिरक्या बाईचा. कान गेला होता ते परवडलं असतं, आता डोकं चाललं की काय असं तिला वाटलं.

तपासनीस बाईने फोनवर समजावलं. नस जागी होतेय, पण सूर चुकवतेय. असं होतं. काहींचं जातं हळूहळू.

"आणि काहींचं नाही," ती म्हणाली.

"हो," बाई म्हणाली. खोटं बोलली नाही.

त्या दिवशी संध्याकाळी तिने इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मागच्या खोलीचं दार उघडलं. आवाज अगदी हळू ठेवून ऐकायची परवानगी डॉक्टरांनी दिली होती. भाऊजी बरोबर होते. तिने बाकीची यंत्रं लावलीच नाहीत, फक्त पेटी. तिच्यात दोन साधे लांब सूर भरले, एक सगळा डावीकडे, एक सगळा उजवीकडे. दोन्ही एकच. तिला मात्र ते दोन वेगळे ऐकू येत होते, डावा वर चढलेला, कानाला टोचणारा. पेटीत प्रत्येक सूर केसभर वर-खाली करायची सोय होती. ती डावा सूर खाली आणत गेली, आणत गेली, आणि एका जागी दोन्ही जुळले. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि हेडफोन भाऊजींना दिले.

त्याने ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. मग तिच्याकडे बघून तोंड सरळ केलं.

"बोला खरं," ती म्हणाली.

"बेसूर आहे वहिनी. चांगलंच."

"मला सुरात लागतंय."

पेटीच्या पडद्यावर एक आकडा होता. तिचा डावा कान जगापासून किती लांब गेला आहे त्याचा आकडा. तो बघून ती घाबरली, पण आजवरच्या सगळ्या भीतीत ही पहिली अशी होती, जिला निदान माप होतं.

मग रोज संध्याकाळी ती दोन सूर जुळवायला बसायची. दार उघडं ठेवायची, एकटीने बसायची हिंमत नव्हती. कधी आकडा कमी यायचा, कधी होता तिथेच. एकदा तर वाढला, आणि त्या दिवशी ती जेवली नाही. नवरा रजा घेऊन आला तेव्हा तिने त्याला आकडा दाखवला. तो त्यातलं काही न कळून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "कालपेक्षा कमी आहे ना? मग झालं." तिला त्याचा राग आला आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ती झोपली, उजवा कान वर ठेवून.

हळूहळू खालचे सूर जागेवर आले. बास, ढोलाचे ठोके, पुरुषांचे आवाज. वरचे आले नाहीत. डॉक्टरांनी शेवटच्या तपासणीचा आलेख दाखवला, रेषा अर्ध्यापर्यंत ठीक होती आणि मग कड्यावरून पडल्यासारखी खाली जात होती. "इथून पुढे फारसा बदल होईल असं वाटत नाही," ते म्हणाले.

तारांगणाची नवी तारीख आली तेव्हा तिने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा भाऊजींनी विचारलंच नाही, नुसते वायरी गुंडाळत बसले, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या डावीकडे काही ठेवायचं नाही. तुमचे सिंथ उजवीकडे. आवाज फिरवायचं काम तुमचं. मी ठोके आणि बास बघते. आणि काही बिघडलं तर ओरडायचं नाही, हात लावायचा."

घुमटाखाली अंधार झाला आणि डोक्यावर तारे उगवले. खुर्च्यांमध्ये लोक होते, त्यांची कुजबुज कुठून येते ते तिला कळत नव्हतं. नुसती सगळीकडून येत होती. तिने पेटी सुरू केली. पहिले ठोके जमिनीतून पायात आले आणि त्यांच्याबरोबर ड्रम मशीन, मग सिंथ, सगळे रांगेत.

बराच वेळ ठीक चाललं. मग भाऊजींचा हात तिच्या कोपराला लागला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने बोट दाखवलं. कुणाच्या तरी पायाने ताल पुरवणारी वायर सुटली होती आणि दुसरा सिंथ आपल्याच नादात पुढे पळत होता. त्या वेळी त्याचा आवाज फिरत फिरत घुमटाच्या डाव्या अंगाला गेला होता. सगळ्या लोकांना तो ऐकू येत होता. तिच्या उजव्या कानात मात्र ठोके आणि बास एवढे भरले होते, की त्यांच्याखाली तो बारीक सूर बुडून गेला होता. एवढी माणसं ऐकतायत आणि आपण एकटेच त्याच्या बाहेर बसलोय, हे कळल्यावर तिला तिथे बसवेना. उठून पळावं असं वाटलं.

तिने पेटी थांबवली. त्याबरोबर सगळी यंत्रं थांबली, आणि तो एकटा सिंथ तेवढा भाऊजींनी हाताने दाबून बंद केला.

घुमट शांत झाला. नुसते तारे. कुणीतरी खोकलं. तिच्या डाव्या कानातली सूं तेवढी होती, आणि उजवीकडे स्वतःचा श्वास. अंधारात भाऊजी गुडघ्यावर बसून वायर चाचपत होते. त्यांनी ती लावली आणि पुन्हा तिच्या कोपराला हात लावला. तिला वाटलं आपल्याला जमणार नाही. अंगठा बटणावर होता, तो दाबला गेला.

ठोके आले. पुन्हा सगळे रांगेत.

नंतर दिवे लागल्यावर काही लोक पुढे येऊन म्हणाले की मधली ती शांतता फार छान होती. भाऊजींनी "हो, ती ठरवलेलीच होती" असं तोंड भरून सांगितलं. सासूबाई पहिल्या रांगेतून मान चोळत आल्या. त्यांनी कानातली यंत्रं काढून पर्समध्ये ठेवली होती. म्हणाल्या, पायातून ऐकलं, तेवढं पुरलं.

"घाबरली होतीस ना?" त्यांनी विचारलं. तिच्या उजवीकडे येऊन विचारलं.

"अजून घाबरलेय," ती म्हणाली. सासूबाईंना ते ऐकू गेलं नाही, म्हणून तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने.